हळदीपासून मांडवापर्यंत

गेटवरच्या विशालने ट्रे पुढे केला आणि रियाने त्यात आधी फोन, मग कानांतून काढलेले इअरफोन ठेवले. आदल्या आठवड्यात काल्हेरच्या या गोडाऊनमध्ये गाणं ऐकत चाललेल्या एका मुलाला फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला नव्हता. जिवावरचं पायावर निभावलं. तेव्हापासून फोन आत न्यायचा नाही, असा नियम झाला.

"आता माझ्या चुका बघा कशा वाढतात," रिया म्हणाली.

विशाल हसला. त्याला ती गंमत वाटली.

रियाकडे परत आलेल्या कपड्यांचं काम होतं. लोकांनी ऑनलाइन मागवून नको म्हणून धाडलेले कुर्ते, टॉप, लेगिंग्ज. पाकीट फोडायचं, कपडा उलटसुलट बघायचा, टॅग स्कॅन करायचा. चांगला असेल तर निळ्या क्रेटमध्ये, खराब असेल तर लाल क्रेटमध्ये. काम अवघड नव्हतं, म्हणूनच लक्ष उडायचं. कानात गाणं असलं की मन त्यात अडकून राहायचं आणि हात आपलं काम करायचे. गाणं नसलं की मन भिवंडीच्या घरी जायचं. भावाने सोडलेलं कॉलेज, आईचं न उतरणारं ब्लडप्रेशर. भानावर यावं तर डाग पडलेला कुर्ता निळ्या क्रेटमध्ये गेलेला असायचा.

थोड्याच दिवसांत हितेशने तिला बोलावलं. तो सुपरवायझर होता, वयाने तिच्याएवढाच.

"काय चाललंय रिया? खराब माल पुन्हा कस्टमरकडे गेलाय. वरून विचारणा झाली."

"गाण्याशिवाय लक्ष लागत नाही, सर."

"हे मी वर सांगू?" तो स्क्रीनकडे बघत राहिला. "तू अजून परमनंट नाहीस. असंच राहिलं तर माझ्या हातात काही नाही. टेबल बदल. बायजाबाईंच्या शेजारी जा. त्या कोणाशी बोलत नाहीत."

बायजाबाई जवळच्या अंजूर गावच्या. पन्नाशी उलटलेली, हाताने जलद. त्या खरंच बोलत नव्हत्या, पण गात होत्या. ओठ जेमतेम हलायचे. मोठ्या पंख्यांच्या घरघरीत शब्द कळत नव्हते; फक्त एक चाल, लांब खेचलेली, पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन टेकणारी. पहिल्या दिवशी रियाला त्याचा त्रास झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तिचे हात त्या चालीवर चालताहेत. चाल टेकली की कपडा क्रेटमध्ये पडायचा. मन कुठे गेलं नव्हतं.

"मावशी, कसली गाणी ही?" तिने डबा खाताना विचारलं.

"धवले. लग्नाचे. आमच्याकडं लग्नात धवलारीन लागते. हळदीपासून पोरीच्या पाठवनीपर्यंत तीच गाते." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी गायची."

रियाच्या घरच्या लग्नांत त्रिशरण-पंचशील व्हायचं आणि नंतर डीजे. तिने मान हलवली.

चुका कमी झाल्या. हितेश टेबलाजवळून जाताना थांबेनासा झाला. विचारून विचारून रियाला आता गाण्यांचा क्रम कळू लागला होता. एक हळदीचं, एक मांडवाचं, मधली दोन-तीन. मांडव झाला की बायजाबाई थोडा वेळ गप्प राहायच्या आणि पुन्हा हळदीवर यायच्या.

एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, सगळीकडे एकदम शांत झालं आणि बायजाबाईंचा आवाज, त्यांच्या ध्यानात येण्याआधी, दोन टेबलं पलीकडे गेला. हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव होतं. हेमाली. बायजाबाई थांबल्या. पलीकडची कमळा खाली बघून पाकिटं जुळवू लागली.

नंतर नळावर हात धुताना रियाने कमळाला हेमाली कोण ते विचारलं. कमळा त्यांच्याच गावची.

"पोरगी हाय तिची. कोर्टात लग्न केलं, पोरगा दुसऱ्या जातीतला. कोन गावात राहते." कमळाने नळ बंद केला. "गावातल्या समद्या पोरींची लग्नं हिनं गायली. पोरगी गेली आनी हिनं लग्नात गानंच सोडलं. बोलावनं आलं तरी जात न्हाय."

रिया टेबलावर परत आली. वीज आली होती. बायजाबाई मांडवाच्या गाण्यापर्यंत पोचल्या आणि गप्प झाल्या.

"मावशी, पुढचं गाणं कुठलं असतं?"

"पाठवनीचं."

"ते का नाही म्हणत?"

बायजाबाईंनी नवं पाकीट फोडलं, टॉप नाकाजवळ नेला.

"घालून परत धाडलाय," त्या म्हणाल्या आणि तो लाल क्रेटमध्ये टाकला.

त्यानंतर बरेच दिवस हळद आणि मांडव एवढंच चाललं. रियाने पुन्हा विचारलं नाही. मग एके दिवशी जेवणानंतर मांडव झाला, नेहमीची शांतता झाली आणि तिने पूर्वी कधी न ऐकलेली चाल सुरू झाली. फार संथ होती. बायजाबाईंचे हात टेबलावर पालथे पडले होते. त्यांच्यापुढे पाकिटांचा ढीग वाढत चालला. हितेश लांबून येताना दिसला तेव्हा रियाने अर्धा ढीग आपल्या बाजूला ओढला आणि भराभर पाकिटं फोडायला घेतली. गाणं संपल्यावर बायजाबाई नळावर गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि कामाला लागल्या. नंतर त्या गायल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

"बायजाबाई कुठे?" हितेशने विचारलं. "कधी सुट्टी घेत नाहीत."

"माहीत नाही, सर."

तिसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. नेहमीसारखा पदर खोचला, स्कॅनर हातात घेतला. रिया पहिलं पाकीट धरून थांबली. चाल काही सुरू होईना.

"तिच्या घराच्या मागं खाडी दिसते," बायजाबाई म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"हेमालीच्या. काल गेली मी कोनला. दार जावयानंच उघडलं. मला वाटलं, वळखनार न्हाय. तं आत बघून वरडला, आई आली तुझी." त्यांनी एक कुर्ता उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "चाय पन त्यानंच केली. साखर लय घालतो. मी बोलली, एवढी गोड नको करत जाऊ, तं हेमाली हसली."

मग मच्छी आणायला कुठे जावं लागतं, खालच्या मजल्यावरची बाई कशी आहे, दोघांच्या ड्युट्या कशा उलटसुलट आहेत, हे सगळं त्या सांगत गेल्या. रिया ऐकत होती, मान हलवत होती, मध्येच काहीतरी विचारत होती. हितेश एकदा जवळून गेला आणि वळून बघून पुढे गेला.

त्या सकाळी रियाच्या हातून दोन खराब टॉप निळ्या क्रेटमध्ये गेले. दुसरा जाताना तिला दिसला.

"आणि जेवायला काय केलं होतं?" तिने विचारलं.