दीड मिनिट मिटायचं होतं

मित्रांनो, मी अहमदपूरच्या एका हायस्कूलचा पडदा आहे. आता जुना झालोय. रंग कधीकाळी डाळिंबी होता. आज कोणता, ते मलाही सांगता येणार नाही. दगडोबा टेलरनं मला दोन भागांत शिवलं, वर पितळी कड्या लावल्या. पहिल्या गॅदरिंगला मी उघडलो तेव्हा पहिल्या टाळ्या मलाच पडल्या. पुढं वर्षातून दोन दिवस मान आणि बाकी दिवस स्टोअररूम. कुणी मला पंगतीखाली अंथरलं, कुणी तांदळाच्या पोत्यांवर टाकलं. एक कोपरा उंदरांनी नेला. त्याचं वाईट वाटतंच, पण आज सांगायचंय ते वेगळं आहे.

गेल्या जानेवारीत शाळेनं संगीत नाटक बसवलं. माझी दोरी ओढायला मनिषाताई आल्या. आठवीतल्या गीतांजलीच्या आई, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. लॅबमधून सुटून, धाकटीला शेजारच्या नागुबाईंकडं सोडून त्या तालमीला धावत यायच्या. फोन सारखा वाजायचा. तरी येत राहिल्या, कारण लेकीनं बजावलं होतं, "तू मागं असशील तरच मी गाईन."

नाटकात गीतांजली आधी शेतातली पोर, मग राणी. आमच्या स्टेजला विंग एकच, तीही सत्काराच्या शाली-नारळांनी भरलेली. म्हणून मी दीड मिनिट मिटायचं आणि तेवढ्यात तिनं स्टेजवरच परकर-पोलक्यावरून नऊवारी गुंडाळायची, असं ठरलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ग्यानोबा शिपायानं पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स बांधला, तोही माझ्या कड्या सरकतात त्याच पाइपला, तार आवळून. मनिषाताईंनी दोरी ओढून पाहिली. माझे दोन्ही भाग तारेपाशी येऊन अडले. मध्ये चांगली बैलगाडी जाईल एवढी फट.

"सर, पडदा मिटत नाही. फ्लेक्स काढावा लागेल."

नाटक बसवणारे सुदाम सर घाईत होते. "ताई, साहेबांचा फोटो हाय त्यो. साहेब समोरच बसणार. कसा काढायचा? त्या वक्ताला लाईट बंद करू की."

"आणि लोकांनी बॅटऱ्या लावल्या तर?"

"तुमी लई भिऊन राहिल्या बघा."

ग्यानोबा हसला. ताईंनी दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली. त्यांच्या हाताचा घाम माझ्या दोरीला लागत होता.

सत्कार दीड तास चालले. मग नाटक सुरू झालं आणि ती वेळ आली. ठरल्याप्रमाणे लाईट बंद केली. ताईंनी दोरी ओढली, मी तारेला जाऊन धडकलो. मैदानात एक मोबाईल उजळला, मग दहा, मग मोजता येईनात. त्या उजेडात गीतांजली उभी, अर्धी नऊवारी कमरेला, अर्धी पायात, दातांत पिन. कुणीतरी शिट्टी मारली. हशा उठला. पोरीचे हात थांबले.

मला तिला झाकायचं होतं. एवढंच तर माझं काम.

ताईंनी दोरी सोडली, टेबल ओढलं, वर चढल्या आणि नुसत्या बोटांनी तारेचे पीळ उलगडले. फ्लेक्स एका बाजूनं सुटून साहेबांच्या फोटोसकट खाली लोंबला. ताईंनी माझा सुटलेला भाग हातानंच ओढून दुसऱ्याला भिडवला, कड्या खळखळल्या. मी मिटलो.

आत अंधारात गीतांजली म्हणाली, "मम्मी, सगळे हसले."

"हसू दे. निऱ्या धर."

"माझा आवाज निघणार नाही."

"पहिली ओळ मी मागून म्हणते. तू दुसरी धर."

मी उघडलो. पहिली ओळ आईच्या आवाजात आली, जरा बेसूर. दुसरी मुलीनं उचलली, कापऱ्या आवाजात. तिसरीपासून मैदान शांत झालं.

नंतर सुदाम सर आले. "ताई, साहेब रागावून गेले. आता बोलणी मी खायची."

ताईंनी बोटाचं रक्त ओढणीला पुसलं. "सर, मी आधी सांगितलं होतं." एवढंच बोलल्या आणि धाकटीला आणायला निघाल्या.

यंदाच्या तालमी सुरू झाल्यात. ताईंना कुणी बोलावलेलं नाही. गीतांजलीनं नाव दिलेलं नाही. काल ग्यानोबानं त्याच पाइपवर नव्या फ्लेक्सचं माप घेतलं.

मित्रांनो, मला धुतलं नाही तरी चालेल, माझा कोपरा शिवला नाही तरी चालेल. पण माझ्यासमोर काही बांधण्याआधी माझी दोरी एकदा ओढून बघा. आणि ओढणारी बाई "मिटत नाही" म्हणाली, तर तिला भित्री म्हणू नका. माझ्यामागं कुणाचं तरी लेकरू उभं असतं.