जोडपत्र: हौद, एक

मी एक जुना हौद आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. हौदाला राग यायला वेळ लागतो. मला एकोणतीस वर्षं लागली.

शाळेच्या अंगणात एका गवंड्याने मला गोल बांधलं. मध्येच तो जेवायला गेला, म्हणून एका बाजूने मी जरा चपटा आहे. पण पाणी नितळ होतं आणि आत वीस मासे होते. पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग प्रयोगशाळा. कारण तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी नववीची मुलं माझ्यावर निबंध लिहीत आणि माझ्यात चांदणं सांडत. शाळा पाचला सुटायची. चांदणं यांनी कधी पाहिलं, देव जाणे.

मग माझ्या वरच्या अंगाला हिरवळ आली. माळीकाका तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया करू लागले. गोणीमागून गोणी खत घालायचे आणि वरून नळीने पाणी मारायचे. गवताचं पोट भरलं की उरलेलं सगळं उताराने माझ्यात. मला कोणी विचारलं? मी हिरवा झालो, मग घट्ट झालो, मग मला वास सुटला. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "परीक्षा संपली की बुजवून टाका. वर स्कूटर लावू."

पण माझा खरा राग काठावर बसणाऱ्यांवर आहे. दहावीची मुलं माझ्याच काठावर बसून पर्यावरणातला सगळ्यात अवघड धडा पाठ करत. धड्याचं नाव, सुपोषण!

त्यांच्यात एक मुलगी होती. वर्ग तिला पोपट म्हणे. सहामाहीला ती या विषयात दोन गुणांनी आपटली होती. डोळे मिटून, डुलत डुलत ती म्हणे, "सुपोषण म्हणजे पाण्यात पोषक द्रव्ये प्रमाणाबाहेर वाढणे. शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मासे गुदमरतात." मग डोळे उघडून मैत्रिणीला विचारी, "पण यात 'सु' काय आहे गं?"

"पाठ कर गपचूप. 'सु' असो नाहीतर 'कु', दोनच गुणांना आहे."

आणि खाली माझे उरलेले सात मासे तोंडं वर काढून तोच धडा गिरवत होते, तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर! मला हात असते तर कान धरून तिला आत घेतलं असतं.

शेवटी वाऱ्याने काम केलं. तिचं गाइड उडून माझ्यात पडलं. ते बुडालंही नाही. शेवाळावर ऐसपैस पहुडलं. ते उचलायला ती वाकली, तर नाकासमोर मासा.

"काका, हा असं काय करतोय?"

"जांभई देत असेल," माळीकाका म्हणाले.

"आणि हे हिरवं कुठून आलं?"

"मला काय माहीत? माझं हिरवं तिकडे वर. परवाच दोन गोण्या घातल्या. बघ कसं झालंय!"

"आणि ते पाणी कुठे जातं?"

"उताराला. पाणी आहे ते, जिना चढेल का?"

ती गोणीपाशी गेली. गाइडमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस होते. गोणीवर नत्र आणि स्फुरद. एकाच माणसाचं शाळेतलं नाव आणि घरातलं नाव. ती अशी किंचाळली की काकांच्या हातून नळी सुटली.

परीक्षेत प्रश्न आला: सुपोषणाचे एक उदाहरण स्पष्ट करा. तिने उत्तरात मलाच लिहिलं. गोणी, उतार, सात मासे, चपटी बाजूसुद्धा. पर्यावरणाच्या बाईंनी शून्य दिलं. पुन्हा दोन गुणांनी नापास!

"उत्तरात सरोवर हवं," बाई म्हणाल्या.

"सरोवर मी पाहिलेलं नाही, बाई. हौद पाहिलाय."

"हौद गाइडमध्ये नाही."

"होता, बाई. परवा गाइड हौदात होतं."

तिने फेरतपासणीचा अर्ज भरला. 'जोडपत्रे' या रकान्यात लिहिलं: 'हौद, एक. जड असल्याने जोडता आला नाही. जागेवर पाहावा.' कारकुनाने न वाचता शिक्का मारला: 'निर्णय होईपर्यंत जोडपत्रे जपून ठेवावीत.'

मातीचा ट्रक आला तेव्हा ती काठावर अर्ज धरून उभी होती. मुख्याध्यापकांनी शिक्का दोनदा वाचला आणि ट्रक परत पाठवला. शिक्क्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

मग जोडपत्र तपासायला बाई आल्या. पंचवीस वर्षं त्या सुपोषण शिकवतात. त्या दिवशी पहिल्यांदा वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. तिथेच काठावर पेपर ठेवून त्यांनी शून्य खोडलं आणि दोन गुण दिले.

पोरगी पास झाली, माझं बुजणं टळलं. मग मी अजून का चिडलोय? कारण पाहुण्यांना आता पुन्हा आधी मला दाखवतात, सुपोषणाचं उत्तम उदाहरण म्हणून! काका शेवाळ काढायला आले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "फार साफ करू नका हं, उदाहरण जाईल."

काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी हिरवळीच्या कडेने चर खणला. खताचं पाणी आता माझ्याकडे येत नाही. पोपट रोज शाळा सुटल्यावर घरची जुनी चाळण आणते आणि शेवाळ उपसते. पण माझा घेर मोठा आहे आणि चाळण एक.

मी उदाहरण नाही, मित्रांनो. मी हौद आहे. माझ्यापासून काय बोध घ्यायचा तो नंतर घ्या. आधी चाळणी घ्या आणि या. पाच मासे उरलेत.