किल्लीच्या मापाचं कुलूप

आमच्या घरात वायफायचा पासवर्ड फक्त बाबांना माहीत होता. निदान बाबांची तशी समजूत होती. नवा फोन आला, पाहुणा आला, माझा लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, की बाबा ती वस्तू हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "तोंड फिरवा." मग आम्ही भिंतीकडे बघत उभे राहायचो. एकदा माझ्या आत्याचे यजमान आले होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, तरी बिचारे काठी टेकत टेकत वळले. पासवर्ड टाकून झाला की बाबा "हं" म्हणायचे आणि सगळे पुन्हा सरळ व्हायचे.

बाबा तिजोऱ्यांचे कारागीर. आकड्यांची चकती फिरवून उघडतात त्या जुन्या, जड तिजोऱ्या. अडकलेल्या दाराला कान लावून, चकती फिरवत, आत काय चाललंय ते ते ओळखतात. धंद्यातले लोक त्यांना कानसेन म्हणतात. आई म्हणते, घरातल्या हाका सोडून सगळं ऐकू येतं. वेगवेगळ्या कचेऱ्यांमधल्या एकोणीस तिजोऱ्यांचे आकडे त्यांच्या डोक्यात आहेत आणि कुठेही लिहिलेले नाहीत. लिहिलेला आकडा म्हणजे उघडं दार, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम ते जेवताना, कोणी विचारलेलं नसताना सांगायचे, "ज्या दिवशी एक आकडा विसरलो, त्या दिवशी हत्यारं खाली." गेल्या वर्षी त्यांना एकाहत्तर पूर्ण झाली. हल्ली ते हा नियम सांगत नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका काढते. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, कागदावर दिसतात. त्यामुळे प्रिंटर ही माझ्यासाठी चैनीची वस्तू नव्हे. जुना प्रिंटर वायरीचा होता. तो बारा वर्षं कुरकुरत चालला आणि एका सोमवारी थांबला. नव्याबरोबर वायर आलीच नाही. दुकानदार म्हणाला, "आता वायरी कोण वापरतं, ताई?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखी माणसं घरी भरपूर आहेत.

मंगळवारी सकाळी बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटाशेजारच्या टेबलावर प्रिंटर मांडला. त्याला चार बोटं रुंदीचा पडदा आणि चार बाणांची बटणं होती. वरच्या-खालच्या बाणाने आकडा शोधायचा, उजव्या बाणाने पुढच्या घरात जायचं. नमनालाच घडाभर तेल. मी पडद्यावर आमच्या वायफायचं नाव निवडलं आणि बाबांना हाक मारली.

बाबा चष्मा पुसत आले. खुर्ची ओढून बसले. "तोंड फिरवा."

मी भिंतीकडे वळले. आई कपाटाकडे वळली. बटणांचा टिकटिक आवाज बराच वेळ चालला. मग प्रिंटरने एक लांब, नाराज सूर काढला.

"नाही म्हणतोय," बाबा म्हणाले.

"एखादं बटण जास्त दाबलं गेलं असेल," मी भिंतीला सांगितलं.

"माझं बटण जास्त दाबलं जात नाही."

ते खरं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर चकती केसभर फिरवली, त्याचं बोट चुकत नाही. दुसऱ्यांदा टिकटिक, दुसऱ्यांदा तोच सूर. तिसऱ्या वेळी ते इतके सावकाश दाबत होते, की मला प्रत्येक टिक मोजता आली असती. तिसऱ्यांदाही नाही.

"फालतू मशीन आहे," बाबा म्हणाले. पण ते आवाज न चढवता म्हणाले, आणि फालतू गोष्टींवर आवाज न चढवणं ही त्यांची रीत नव्हे. ते उठून गॅलरीत गेले. कुंड्यांना पाणी सकाळीच घालून झालं होतं, ते त्यांनी पुन्हा घातलं.

मी वळले. प्रिंटरच्या पडद्यावर "पासवर्ड तपासून पाहा" असं लिहिलं होतं आणि खाली, तपासता यावा म्हणून, टाकलेला आकडा जसाच्या तसा उभा होता. ४७, ६३, १२, ०८.

आता सांगून टाकते. पासवर्ड मला दोन वर्षांपासून माहीत होता. लॅपटॉपमध्ये एका ठिकाणी बोट ठेवलं की साठवलेला पासवर्ड दिसतो. मी तो एकदा पाहिला आणि गप्प बसले, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ माझ्या वडिलांची होती. बाबांनी एकट्याने उघडलेल्या पहिल्या तिजोरीचा तो आकडा. ती तिजोरी भंगारात जाऊन जमाना झाला. खरा आकडा होता ४७, १२, ६३, ०८. मधल्या दोन जोड्यांची अदलाबदल झाली होती. अशा चुका मी दिवसाला वीस काढते. नागमोडी रेघेची एक खूण करायची, की छापखान्यात अक्षरं लावणारा जुळारी समजतो आणि जागा बदलतो. पण तीनदा, न अडखळता, तीच अदलाबदल? ती बोटाची चूक नसते.

मी स्वयंपाकघरात गेले. आई मागोमाग आली.

"चुकीचा टाकताहेत," मी कुजबुजले.

"माहितीय. सत्तेचाळीसनंतर बारा, मग त्रेसष्ट." आईही कुजबुजतच म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कसं माहीत?"

"कपाटाच्या काचेत दिसतं की. पहिल्या दिवसापासून." आईने ओट्यावर फडकं फिरवलं. "मी काय बोलले नाही. माणसाला एवढं तरी असावं स्वतःचं."

"आता काय करायचं?"

"मशीन खराब आहे म्हण. परत करून टाक."

"मग दुसरा येईल. तोही पासवर्ड मागेल."

आम्हा दोघींना प्रिंटरची काळजी नव्हती. गुरुवारची होती. गुरुवारी बाबांना नोंदणी कचेरीत जायचं होतं. तिथल्या तिजोरीला नवा आकडा लावायचा होता. तो आकडा लावणाऱ्याच्या डोक्यात पक्का असावा लागतो. दार उघडं ठेवून तीनदा फिरवून बघायचं आणि मगच दार ढकलायचं. आकडा चुकून भलताच लागला आणि दार बंद झालं, तर मग कान लावूनही उपयोग नाही, भोक पाडण्यावाचून इलाज नाही. आत लोकांच्या घरांची, वाटण्यांची मूळ कागदपत्रं. भोक पाडताना ठिणग्या आत उडतात. बाबांनी हे मला मी दहा वर्षांची असताना समजावलं होतं.

तरी मी जे करायला नको होतं ते केलं. वायफायचा राउटर उपडा केला. त्याच्या पोटावरच्या कागदावर बाबांनी काळी चिकटपट्टी लावली होती. ती सोलली, खाली छापलेले परवलीचे शब्द लॅपटॉपमध्ये टाकून राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेले आणि पासवर्ड बदलला. ४७, ६३, १२, ०८. किल्ली कुलपाला लागत नसेल आणि किल्ली बदलायची नसेल, तर कुलूप खोलून आतल्या पिना किल्लीच्या मापाच्या करतात. हेही बाबांनीच शिकवलं होतं. चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवली. तिचा एक कोपरा वर आला, तो आलाच.

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. "आणि गुरुवारी त्या तिजोरीच्याही पिना बदलायला जाणारेस का?"

मला तिचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी गॅलरीकडे बघून हाक मारली, "बाबा, राउटर बंद करून चालू केलाय. एकदा परत बघता का?"

बाबा आले. बसले. "तोंड फिरवा." आम्ही फिरवलं. टिकटिक, टिकटिक. मग दोन छोटे, खुशीतले सूर, आणि प्रिंटर आपण होऊन घरघरला. त्याने चाचणीचं एक पान बाहेर सोडलं. वरती काही रंगीत पट्ट्या, खाली "जोडणी पूर्ण".

मी मुद्दाम उत्साहाने म्हणाले, "बघा! राउटरच झोपला होता."

बाबा हसले नाहीत. "हं" म्हणाले नाहीत. मी अजून भिंतीकडेच बघत होते, म्हणून मला ते कळायला वेळ लागला. वळले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. फोनवर वायफायची खूण नव्हती. त्यांनी टेबलावरचा आईचा फोन उचलला. त्यावरही नव्हती. मग ते उठून राउटरपाशी गेले, तो उचलला आणि चिकटपट्टीच्या वर आलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"जी किल्ली तीनदा लागली नाही," ते राउटरकडे बघत म्हणाले, "ती चौथ्यांदा लागत नाही. मधे कोणीतरी कुलूप खोललेलं असतं."

आईने मला कोपराने ढोसलं नाही, वाचवलंही नाही.

"मी खोललं," मी म्हणाले.

"म्हणजे आकडा तुला माहितीय."

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझं विचारू नका. कपाट मी पुसते."

बाबांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीकडे, मग पुन्हा कपाटाकडे. एरवी हा प्रसंग वर्षभर पुरला असता. आत्याच्या घरापर्यंत गेला असता. पण ते खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "कुठं चुकलो ते दाखव."

मी ते चाचणीचं पान घेतलं. त्याच्या कोऱ्या भागावर त्यांनी टाकलेला आकडा लिहिला. या घरात आकडा लिहिला जातोय, हे मनात आलं आणि हात जड झाला. मग लाल पेनाने मधल्या दोन जोड्यांभोवती नागमोडी रेघ काढली. याची जागा तिकडे, त्याची इकडे.

बाबा त्या खुणेकडे बराच वेळ बघत होते. ओठ हलत होते. त्रेसष्ट, बारा. बारा, त्रेसष्ट. चकतीवर असावीत तशी त्यांची दोन बोटं टेबलावर डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली आणि थांबली.

"मला अजूनही मी टाकला तोच बरोबर वाटतोय," ते म्हणाले.

त्या वाक्याला मी घाबरले. चूक कळली असती, तर ते वैतागले असते, आम्ही हसलो असतो, वेळ निभावून गेली असती.

"एकदाच झालंय, बाबा."

"तिजोरीला एकदाच पुरतं. आणि तू मला पास करून गुरुवारी पाठवणार होतीस."

मी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण दुसऱ्याच्या पुस्तकातली दिसलेली चूक मी लेखकाला वाईट वाटेल म्हणून कधी सोडली नव्हती.

बाबांनी फोन उचलला आणि नोंदणी कचेरीतल्या साहेबांना लावला. "गुरुवारी मी येत नाही. दुसरा माणूस बघा... नाही, तब्येत ठीक आहे... नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तुमचा सध्याचा आकडा आहे माझ्याकडे, तो सांगतो, पण तुम्ही स्वतः एकदा फिरवून बघा, मगच माझ्यावर भरवसा ठेवा... बाकीच्यांनाही मीच कळवतो." पलीकडचे साहेब काहीतरी बोलत राहिले. बाबा "हो, हो" करत राहिले आणि दुसऱ्या हाताने चाचणीच्या पानाच्या बारीक चिंध्या करत राहिले.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "कुलूप होतं तसं कर."

मी लॅपटॉप उघडला, खरा आकडा परत लावला. प्रिंटरने लगेच तोंड पाडलं आणि पासवर्ड मागितला. मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि सवयीने भिंतीकडे वळले. आई कपाटाकडे वळता वळता अर्ध्यात थांबली.

टिकटिक सुरू झाली नाही. मागे बाबा उठल्याचा आवाज आला. त्यांनी गॅलरीचं दार लावलं. रस्त्याकडची खिडकी लावली, कडी घातली, पडदा ओढला. जिन्याच्या दाराशी जाऊन, कान लावून, बाहेर कोणी नाही ना ते ऐकलं. मग येऊन खुर्चीवर बसले.

"अगं, वळा दोघी इकडे," ते म्हणाले. "हं. सांग आता."

मी सांगितला. सत्तेचाळीस. बारा. त्रेसष्ट. शून्य आठ. त्या घरात तो आकडा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला गेला. बाबा माझ्यामागून एकेक बटण दाबत होते, आणि आम्ही दोघी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. एकही बटण जास्त दाबलं गेलं नाही.