आधी उलटी तार

खरं तर सुलटी बाजू आधी सांगायला हवी. पण त्या प्रयोगशाळेत मावशीचा दंडक होता: आधी उलट, मग सुलट. तेव्हा गोष्टही तशीच.

उलट

भाचीने तारांची अदलाबदल केली. दोन पट्ट्यांमध्ये स्फोटकाचा मोहरीएवढा स्फटिक, पट्ट्यांना वीज, आणि वरून वजन सोडायचं. एरवी हातभर उंचीवरून बसलेला घावही तो निमूट सोसतो. आज वीतभरातच जाड काचेपलीकडे फटाक् झालं.

"बघ मावशी! उलट्या विद्युतक्षेत्राने रेणूतला कच्चा बंध ताणला जातो. सुलट्याने तो आवळला जाईल, स्फोटक शांत राहील. म्हटलं होतं ना?"

"मग लाव सुलट."

"आता कशाला? गणित खरं ठरलंच की. कर ना सही, स्फोटकांच्या कोठारात पट्ट्या बसवू."

"ताई, दगडातून पाणी निघेल एक वेळ, पण सुलट बघितल्याशिवाय यांची सही निघायची नाही," यंत्र सांभाळणारा भाचीला म्हणाला.

"त्या कोठारात तुझे काका असतात दिवसभर," मावशी म्हणाली. "संध्याकाळी अख्खे घरी येतात, ते मला आवडतं."

सुलट

फटाक्.

वीतभरच.

भाचीने तारा तपासल्या, बरोबर होत्या. स्फटिक बदलला.

फटाक्.

मधली जागा

(इथे उलट आणि सुलट, दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून झाल्या.)

मग भाची स्टुलावर बसली. "मी एकट्या रेणूचं गणित मांडलं गं. स्फटिकात ते अरुंद गादीवर झोपवलेल्या भावंडांसारखे आहेत. एकाचं डोकं, तिथे दुसऱ्याचे पाय. क्षेत्र कुठूनही लावा, अर्ध्यांचा बंध ताणला जाणारच."

"आणि एक फुटला की बाकीचे थांबतात थोडेच," यंत्रवाला पुटपुटला.

भाचीच्या डोळ्यांपुढे कोठार आलं. पट्ट्यांमध्ये रचलेले डबे, आणि त्यांच्यामधून गुणगुणत फिरणारे काका. ती मावशीकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"छे! असतं तर सांगितलं नसतं का? माझ्याही डोक्यात एकच रेणू होता." मावशी पट्टी पुसत होती. "ठाऊक नसतं म्हणूनच तर दोन्हीकडून बघायचं."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. घरी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी ही बाई. केवढी हुशार, आणि स्वतःच्या हुशारीवर काडीचा भरवसा नाही!

पुन्हा सुलट

कोठारातून काकांचा फोन आला. "काय गं, कधी बसवताय पट्ट्या?"

"नाही बसवत. माझं गणित साफ आपटलं, काका."

"मग आवाज एवढा खुशीत कसा?"

"मावशीमुळे. तिने उलटसुलट करून बघायला लावलं."

काका हसले. "माझंही एक गणित तिने असंच आपटलं होतं. त्याच संध्याकाळी मी तिला लग्नाचं विचारलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"आधी नाही म्हणाली."