भगिनी म्हणजे बहीण नव्हे

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईलाच जवळचं दिसू नये, याला योगायोग म्हणायचं की थट्टा, ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या लेखिकाबाईंचं मात्र तसं होतं खरं. 'लेखिकाबाई' हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर बायकोची फिरकी घ्यायचा, दोन्ही कामं मन लावून. ती दिवसभर लोकांना फ्रेमी दाखवायची, नाकावर नीट बसतात का बघायची, काचा पुसून द्यायची आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली मोबाइल धरून ब्लॉग लिहायची. स्वतःचा चष्मा घालायची लाज. का, तर फोटोत तोंड मास्तरणीसारखं दिसतं म्हणे.

ब्लॉगचं नाव 'दिवठणी'. दिवठणी म्हणजे दिवा ठेवायची जागा. चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेल्यांना हा शब्द माहीत असतो, बाकीच्यांना वाटतं टाइप करताना बोट घसरलं. या दिवठणीवर ती आपल्या श्रद्धेबद्दल लिहायची. डोळे मिटून प्रार्थनेला बसलं की नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध का आठवतं, उपदेश चालू असताना येणारी डुलकी पापात धरायची का, असलं काहीबाही. लिहायची छान, खोटं का बोला. पण वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, त्यातलं एक बोट नवऱ्याचं, आणि तो वाचायचा ते ती शेजारी बसून वाचून घ्यायची म्हणून.

तर अशा बाईला एके दिवशी मेल आला. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चालणारी एक मोठी वेबसाइट होती. तिच्या संपादकबाईंनी लिहिलं होतं, 'तुमचा ब्लॉग वाचला, आवडला. आमच्याकडे पाहुणी लेखिका म्हणून एक गेस्ट पोस्ट लिहाल का? विषय क्षमा. प्रसंग स्वतःच्या आयुष्यातला हवा. लेख चालला तर दर महिन्याला तुमचंच सदर करू.'

लेखिकाबाईंनी तो मेल इतक्यांदा वाचला की समोर डोळे तपासायला बसलेला माणूस फळ्यावरची अक्षरं स्वतःच वाचून मोकळा झाला.

"सदर," ती संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. "दर महिन्याला. हजारो लोक वाचतात तिथे."

"आणि क्षमेबद्दल लिहिणार तू?"

"मग? मी काय कोणाला माफ केलं नाही कधी?"

नवरा उठून चहा ठेवायला गेला. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस शिकतो.

पण तिच्याकडे प्रसंग होता, अगदी तयार. आईचा जग.

आईचा म्हणजे पाणी वाढायचा काचेचा जग. निळसर काच, अंगावर कोरलेली द्राक्षवेल आणि बाकदार कान. आई गेल्यावर तो धाकटीकडे, म्हणजे आपल्या लेखिकाबाईंकडे आला आणि ताईला ते लागलंच होतं. ताई ही तिची एकुलती एक थोरली बहीण. पलीकडच्या गावात राहायची, तिथल्या चर्चला जायची, आणि भेटली की वस्तू कशा जपाव्यात यावर उपदेश करायची. ताई प्लास्टिकच्या ताटल्यासुद्धा कागदात गुंडाळून ठेवायची. 'सांभाळ गं बाई, तुझ्या हाताला फार घाई,' हे तिचं पालुपद.

दोन वर्षांपूर्वी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहापाणी होतं. लेखिकाबाईंनी सरबतासाठी आईचा जग नेला. ताईही त्या रविवारी पाहुणी म्हणून आली होती. सगळं आटोपल्यावर जग धुऊनपुसून पिशवीत घालून दिला तो ऑर्गनबाईंनी. ऑर्गनबाई म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, वयाने मोठ्या, बोलायला कमी, भांडी घासायला पुढे. पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. लेखिकाबाईंनी कौतुकाने जग उचलला, तर कान राहिला हातात आणि जग गेला पाळकसाहेबांच्या मांडीवर, सरबतासकट. पाळकसाहेब भला माणूस. 'बाप्तिस्मा पुन्हा घ्यायची गरज नव्हती,' एवढंच म्हणाले. पण कानाच्या टोकाला वाळलेला गोंद दिसत होता. कोणीतरी तो मोडला होता, गुपचूप चिकटवला होता, आणि आपण त्या गावचेच नाही असं दाखवलं होतं.

कोणीतरी कशाला? पिशवीत कोणी घातला? झालं तर मग. शोधायला पोलीस थोडेच लागतात.

तिने ऑर्गनबाईंना काही विचारलं नाही. फक्त त्यांच्या बाकावर बसायचं सोडलं. समोरून आल्या की 'जय ख्रिस्त' म्हणायची ते घाईघाईत, भिंतीकडे बघून. चहाच्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दोन वर्षं असंच चाललं, आणि तिच्या मते हीच क्षमा होती, कारण भांडण कुठे केलं होतं?

तिने लेख लिहिला. त्यातलं सगळ्यात जोरदार वाक्य असं: 'आमच्या मंडळीतल्या एका भगिनीने माझ्या आईची आठवण मोडली, चिकटवली आणि गप्प बसली. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी तिला एका शब्दानेही बोलले नाही. मी तिला क्षमा केली.' एका शब्दानेही बोलले नाही, हे तर शंभर टक्के खरं होतं. नाव घेतलं नव्हतं. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं, आणि चर्चमध्ये प्रत्येक बाई भगिनीच असते, आता ओळखा कोण ते.

चार दिवसांनी लेख तपासून आला. संपादकबाईंनी लिहिलं होतं, 'आम्ही भाषा सोपी करायला एक जण नवीन ठेवलाय. तो चर्चला जाणारा नाही, त्यामुळे सामान्य वाचकाला काय अडेल ते त्याला बरोबर कळतं. एकदा नजर टाका आणि हो म्हणा.'

लेखिकाबाईंनी नजर टाकली ती आधी फोटोवर. मग खालच्या परिचयावर, आणि तिथे तिच्या डोक्यात तिडीक गेली. 'लेखिका दिवाणखाना नावाचा ब्लॉग चालवतात.' दिवाणखाना? तिने ताबडतोब कळवलं, की दिवठणी, दि-व-ठ-णी, बाकी सगळं छान, छापा. बाकी सगळं तिने बिनचष्म्याने, समोर एका आजोबांच्या कानामागे दांडी बसवता बसवता पाहिलं होतं.

लेख सकाळी आला. दुपारी दुकानात फोन वाजला. ताई.

ताई कामाशिवाय फोन करत नसे आणि केला तर पहिल्या वाक्यातच हुकूम असायचा. आज पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"ताई? काय झालं? बरी आहेस ना?"

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली. "दोन वर्षं माहीत होतं आणि तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस."

"काय माहीत होतं?"

"अगं, जगाचं. पुसताना नळावर आपटला गं तो. हॉलच्या कपाटात गोंद होता, तो लावला. तुला सांगणार होते, पण एवढी वर्षं मीच तुला सांभाळ सांभाळ करत आले, कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून ऑर्गनबाईंच्या हातात दिला, म्हटलं तुम्हीच घाला पिशवीत. आणि तू आज सगळ्यांसमोर मला माफ केलंस. मी वाचून इतकी रडले, की जावई विचारायला आला काय झालं म्हणून."

लेखिकाबाईंनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घेतलं. मग पर्समधून चष्मा काढला, तो घातला आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा लेख उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: 'आमच्या घरच्या मंडळींपैकी माझ्या बहिणीने माझ्या आईची आठवण मोडली.' त्या भाषावाल्याला मंडळी म्हणजे घरचे लोक वाटले होते आणि भगिनी म्हणजे बहीण. बिचाऱ्याचं काय चुकलं? शब्दकोशात तेच आहे.

"अगं, बोल ना," ताई म्हणाली. "केलंस ना माफ?"

आणि इथे लेखिकाबाईंना कळलं, की आपल्याला असा काही राग आलाय की हातातला लेन्सचा फडका पिळून निघेल. आईचा जग. हिने. ताटल्या कागदात गुंडाळणाऱ्या हिने.

"लेखात केलंय," ती म्हणाली. "घरी अजून व्हायचंय." आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. हसू आवरायला त्याने दोनदा पाणी प्यायलं. संपादकबाईंचा मेलही आला होता. लेख धावत सुटला होता, सदर पक्कं होतं, फक्त पुढच्या वेळेसाठी बहिणीबरोबरचा एक हसरा फोटो हवा होता.

"चला, मिटलं," नवरा म्हणाला. "गुन्हेगार सापडला, लेखही खरा ठरला. ऑर्गनबाईंचं तर नावच नाही त्यात. त्यांना कळणारसुद्धा नाही, की तू त्यांना चोर समजत होतीस."

नेमकी तीच गोष्ट तिला मघापासून टोचत होती. सुटले, असं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. दोन वर्षं त्या बाईचा काडीचाही दोष नव्हता. आता खरं सांगितलं तर आपलं पितळ उघडं पडणार, सदर जाणार आणि हजारो लोकांना कळणार की क्षमेवर लिहिणाऱ्या बाईला क्षमेतलं ओ की ठो कळत नाही. आणि गप्प बसलो, तर आपणही गोंद लावणाऱ्यांतलेच.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर ती ऑर्गनबाईंच्या घरी गेली. खोली लहान, एका भिंतीला पेटीएवढा जुना ऑर्गन, त्यावर इस्त्री केलेलं कापड. ऑर्गनबाईंनी दार उघडलं, तिला आत घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

"तुझा लेख वाचला," त्या म्हणाल्या. "बहिणीला माफ केलंस, बरं केलंस. वाचून मला एक कोडं पडलंय, विचारू?"

"विचारा ना."

"मग माझ्याशी का बोलत नव्हतीस?"

लेखिकाबाईंची नजर त्या दोऱ्यावर खिळली. जवळपास चष्म्याचं दुकान एकच, तिचं. दांडीचा स्क्रू बसवायला लागतो एवढासा वेळ. म्हणजे ही बाई आपल्या तोंडासमोर यायला नको म्हणून डोळ्यांवर दोरा बांधून ऑर्गन वाजवत होती.

मग तिने सांगितलं. जग, कान, पिशवी, भगिनी, बहीण, सगळं. मध्ये कुठे स्वतःची बाजू घेतली नाही, कारण घ्यायला बाजूच नव्हती. "मी तुम्हाला न विचारता दोषी ठरवलं," ती म्हणाली, "आणि वर त्याला क्षमा म्हणत फिरले. माझं चुकलं. मला माफ करा."

ऑर्गनबाईंनी ऑर्गनवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मी बेसूर वाजवते म्हणून तू लांब बसतेस. गेली दोन वर्षं मी रोज जास्तीचा सराव करतेय."

यावर हसावं की रडावं ते लेखिकाबाईंना कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं.

"माफ करीन," ऑर्गनबाई म्हणाल्या, "पण आत्ता लगेच नाही. राग आलाय मला, आणि तो आज पहिल्यांदाच आलाय. तू दोन वर्षं घेतलीस, मला रविवारपर्यंत तरी दे."

"घ्या," ती म्हणाली. मग चाचरत, "तोपर्यंत दांडी बसवून देऊ का? पेचकस आहे पर्समध्ये."

"बसव. पण त्याने फिटलं असं समजू नकोस."

तिने दोरा काढला, स्क्रू घट्ट केला, काचा पुसल्या आणि चष्मा दिला. ऑर्गनबाईंनी तो घालून तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

घरी येऊन तिने आधी ताईला फोन केला. "ताई, मी चिडलेय," ती म्हणाली. "खूप. पण फोन उचलत जाईन." ताईने हुं म्हटलं आणि सवयीने सांभाळ म्हणायला गेली, ते अर्ध्यावरच गिळलं. मग लेखिकाबाईंनी संपादकबाईंना खरं काय ते लिहून पाठवलं. कोण भगिनी, कोण बहीण, आणि लेखाच्या शेवटी घालायला दोन नवीन ओळी: 'त्या भगिनीची मी क्षमा मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.'

संपादकबाईंचं उत्तर आलं. सदराचं नंतर बघू, त्यांनी लिहिलं होतं, आणि नवा शेवट जरा अपुरा वाटतो.

'मलाही,' तिने कळवलं.

रविवारी ऑर्गन वाजला. सुरात होता, तसा तो नेहमीच होता. चहापाण्यानंतर लेखिकाबाई चष्मा लावून हॉलच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली. ऑर्गनबाई ग्लास विसळत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, सरकून मात्र जागा केली आणि एक ओला ग्लास तिच्या हातात दिला.

"नीट पूस," त्या म्हणाल्या. "आणि फुटला तर तोंडाने सांग. लेख लिहू नकोस."