मोजणी शून्यापासून

परवा सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या ऑफिसचा एक प्रोग्रॅम घरच्या सिस्टिमवर चालत नाही, म्हणून डिस्कचे भाग पाडून एका भागात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची होती. मी शेजारी मटार सोलत होते. "दोन नंबरचा भाग उडवते," असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि मी ओरडले, "थांब! मोजणी एकापासून आहे की शून्यापासून?"

ती दचकलीच. "अहो आई, केवढ्यांदा! एकापासून आहे. पण तुम्हाला हे कुठून सुचलं?"

"मग वीस वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी काय फरशी पुसत होते?"

ती हसली. मी मात्र दाणे सालांत टाकत होते, ते बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं.

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, तेव्हा आमच्याकडेच राहायच्या. लोकरीचं विणकाम शिकवायच्या. त्यांच्या नक्ष्यांचं पुस्तक काढायला एक प्रकाशिका तयार झाली, पण तिला नक्ष्या कॉम्प्युटरवर हव्या होत्या. वन्सं तेव्हा पंचावन्नच्या. मीच त्यांना माउस धरायला शिकवलं. सुरुवातीला तो त्यांच्या हातून टेबलाखाली जायचा आणि त्या म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमचा उंदीर पळाला!" पुढे त्यांना गोडी लागली. खुर्चीवर स्वतः विणलेली उशी ठेवून दोन वर्षं रोज दुपारी बसायच्या. एक चौकट म्हणजे एक टाका. एकेक चौकट रंगवत एकशे त्रेसष्ट नक्ष्या झाल्या. पहिल्या चाळीस कागदावर होत्या, बाकीच्या फक्त मशीनमध्ये.

मी डिस्कचे तीन सारखे भाग पाडले होते. पहिल्यात सिस्टिम, दुसरा रिकामा, तिसरा वन्संचा. "घराची वाटणी झाली नाही, डिस्कची बरी झाली," असं आमचे हे म्हणाले होते.

मग लॅबमध्ये नवी सिस्टिम येणार असं ठरलं. मुलांपुढे फजिती नको म्हणून ती आधी घरी बसवून बघावी, असं माझ्या डोक्यात आलं. सुट्टीचा दिवस होता, वन्सं क्लास घ्यायला गेल्या होत्या. भाग पाडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बघून मी चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं : रिकामा भाग, नंबर दोन. नव्या सिस्टिमची सीडी घातली, यादी आली, मी दोन नंबर पुसला. पुन्हा यादी आली, तर रिकामा भाग जागच्या जागी. तो एक नंबरवर होता. या प्रोग्रॅमची मोजणी शून्यापासून होती; मी पुसलेला दोन नंबर वन्संचा होता.

नक्ष्यांची प्रत फ्लॉपीवर घ्यायला मी वन्संना शिकवलं नव्हतं. उद्या शिकवू, उद्या शिकवू, असं चाललं होतं.

वन्सं यायला तास होता. मशीन अर्धवट दिसलं तर विचारतील, या धास्तीने मी त्या मोकळ्या झालेल्या जागेतच नवी सिस्टिम बसवली. गेलं ते गेलं, असं मनाला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी मशीन लावलं. आपला भाग दिसेना, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी बराच वेळ उगाच बटणं दाबली आणि विचारलं, "वन्सं, काल तुम्ही नीट बंद न करता थेट प्लग तर नाही ना ओढलात?"

त्या आठवत बसल्या. मग म्हणाल्या, "ओढला असेन बाई. दूध उतू चाललं होतं."

मी "नाही" म्हटलं नाही. त्या उठल्या, खुर्चीवरची उशी उचलली आणि आपल्या खोलीत गेल्या. प्रकाशिकेला त्यांनी नकार कळवला. पुन्हा त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

सहा महिन्यांनी लॅबमध्ये एका प्राध्यापकांच्या डिस्कवर हेच झालं. आमच्या साहेबांनी वीस मिनिटांत सगळं परत आणलं. म्हणाले, "भाग पुसला म्हणजे फक्त यादीतली नोंद जाते. वर काही लिहिलं नाहीत, तर आतलं सगळं तसंच असतं." मी त्यांच्या मागे उभी राहून ऐकत होते. घरी येऊन वन्संच्या समोर बसून चहा प्यायले आणि गप्प राहिले. त्याला सव्वीस वर्षं झाली.

मटार तसेच टाकून मी वन्संकडे गेले. त्या आता पलीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर एकट्या राहतात. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. विणत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं : चिठ्ठी, शून्य, वर बसवलेली सिस्टिम, साहेबांची वीस मिनिटं.

त्यांनी ओळ पूर्ण केली. सुया खाली ठेवल्या.

"चूक होते गं कुणाच्याही हातून," त्या म्हणाल्या. "पण मला तो प्रश्न का विचारलास?"

"घाबरले होते, वन्सं."

"आणि मी? त्यानंतर मी मिक्सरसुद्धा लावला नाही, चटणी पाट्यावरच वाटते. भाच्याने मोबाइल आणून दिला, तो डब्यासकट परत केला. म्हटलं, माझ्या हाताला यश नाही, मी हात लावला की वाटोळं होतं. आणि तू समोर बसून चहा प्यायचीस."

"हो."

मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी टोपलीतून निळ्या लोकरीची लड काढली.

"बस. हात पुढे कर."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी लड माझ्या मनगटांवर अडकवली आणि गुंडा करायला घेतला. पूर्वी आम्ही असंच बसायचो, बोलून बोलून तोंड दुखायचं. आज त्यांच्या हातात नुसता गुंडा फिरत होता. धागा माझ्या एका हातावरून सुटायचा, मग दुसऱ्या. माझे खांदे भरून आले.

"दुखतायत?" वर न बघता त्यांनी विचारलं.

"हो, वन्सं."

"धर तसेच."

टोपलीत अजून चार लडी होत्या.