शाळेच्या बिया

बेकरीत काम करणाऱ्या काकू बाबांशी लग्न करून घरी राहायला आल्या, त्या दिवशी बाबांनी मुलीला बजावलं, “आता काकू म्हणायचं नाही हं.” मग काय म्हणायचं, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

मुलगी नऊ वर्षांची. तोंडाने तिखट, म्हणून तिला सगळे लवंगी म्हणत. तिने आपली वाट काढली. ती नव्या आईला हाकच मारेना. “भूक लागलीय,” असं फ्रिजकडे बघून म्हणायची. “दप्तराचा पट्टा तुटलाय,” हे भिंतीला सांगायची. अगदीच अडलं तर “तुम्ही जरा बघता का?” आणि तेही इतक्या अदबीने, की जणू बँकेत रांगेत उभी आहे. नवी आई जेवायला वाढायची, पट्टा शिवून द्यायची. जास्त काही विचारायची नाही. पहाटे कामावर जाऊन दुपारी परत यायची, तेव्हा तिच्या केसांत पीठ भुरभुरलेलं असायचं.

थंडीचे दिवस होते. शाळेत बाईंनी प्रत्येकाला घेवड्याच्या पाच बिया दिल्या. पांढऱ्या, पोटावर तांबडा ठिपका असलेल्या. घरात वाढवायच्या आणि रोज काय झालं ते चित्र काढून लिहायचं. लवंगीने घरी येताच त्या वाटीत भिजत घातल्या, कुणाचा धक्का लागू नये म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात वर ताटली झाकून ठेवल्या आणि मैत्रिणीकडे गेली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, दिवसभर जिने चढून त्यांना कडकडून भूक लागलेली. लवंगीने भाजीत चमचा घातला आणि बटाट्याच्या फोडीखालून तांबड्या ठिपक्याची एक बी वर आली. फुगलेली, मऊ, साल सुटलेली.

लवंगी ताडकन उठली.

“तू माझ्या बिया शिजवल्यास? अगं, त्या शाळेच्या होत्या!”

नव्या आईचा हात तिथेच थांबला. “शाळेच्या? पाचच बघून मला वाटलं, तुझ्या बाबांनी भिजत घालून स्वयंपाकाला हातभार लावला.”

“मी दोन खाल्ल्या बहुतेक,” बाबा म्हणाले. “आता माझ्या पोटातून वेल येणार.”

यावर लवंगीने भोकाड पसरलं. “कळत नाही का गं तुला? झाकलेलं कशाला उघडतेस?”

बाबांचा चेहरा बदलला. “लवंगी! मोठ्या माणसांशी असं बोलतात? अगं-तुगं?”

“बोलू द्या,” नवी आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. “बरोबरच बोलतेय ती. चूक माझी आहे. इतके दिवस घरात पाहुण्यासारखी वागवत होती मला. आज पहिल्यांदा घरच्यासारखी भांडली.”

लवंगीने बाहीने डोळे पुसले. आपण काय बोललो, ते तिला आत्ता ऐकू आलं. पण बोललेलं परत घेता येईना आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटेना.

जेवण तसंच ठेवून नव्या आईने वरच्या फळीवरचा डबा काढला. तळाशी मूठभर घेवडा होता. “जुना आहे. उगवेल की नाही, सांगता येत नाही. पण सगळाच भिजत घालू. एवढ्यातून एखादी तरी शहाणी निघेलच.”

दुसऱ्या दिवशी दोघींनी त्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. पुढचे दोन-तीन दिवस लवंगी येता-जाता फडकं उलगडून बघायची. बिया ढिम्म. घरात इतका गारठा होता, की खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलं होतं.

“त्यांना हुडहुडी भरलीय,” नवी आई म्हणाली. “मी कामावर घेऊन जाऊ का? पाव भट्टीत जायच्या आधी कणीक फुगायला ठेवतात ना, ते कपाट छान उबदार असतं. त्याच्यावर ठेवते.”

लवंगीने बराच विचार केला. मग तिने फडकं डब्यात ठेवलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: ‘शिजवू नये.’

“ही माझ्यासाठी की बेकरीवाल्यांसाठी?”

“दोघांसाठी,” लवंगी म्हणाली.

डबा बेकरीत राहिला. भट्टीवरचा म्हातारा कारागीर येता-जाता फडक्यावर पाणी शिंपडायचा आणि “आज काही बातमी?” म्हणून विचारायचा. एका दुपारी नवी आई दारातूनच ओरडत आली, “लवंगे, बाळंत झाल्या!” तीन-चार सोडून सगळ्या बियांना पांढरे, वाकडे कोंब आले होते. लावायला कुंड्या कुठून आणणार? घरातले कप लागले, मग पेले लागले, मग बाबांचा दाढीचा मग. बाबांना दोन दिवस भांड्याने चहा प्यावा लागला.

शाळेत बाईंनी वह्या तपासल्या. “तुझी पहिली पानं कोरी का गं?”

“बाई, पहिल्या बिया आम्ही जेवलो.”

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. “मग तसंच लिही. जे झालं ते लिहायचं. चुकलेलंसुद्धा.”

लवंगीने लिहिलं. शेजारी वाफाळत्या भाजीचं चित्र काढलं. ज्यांच्या बिया कुजल्या होत्या, त्यांना तिने घरून रोपं नेऊन दिली. कप मात्र परत आणायचे, अशी अट घातली.

एक रोप त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. उजेड मिळताच ते सुसाट निघालं. आधी दोरीवर चढलं, मग गजावर, मग कुणाच्या लक्षात यायच्या आत खिडकीच्या कडीला वेटोळे घालून बसलं. खिडकी लागेना. संध्याकाळी फटीतून गार वारा आत येऊ लागला, तेव्हा बाबा कात्री घेऊन आले.

“एवढंसं टोक कापतो. त्याला कळणारही नाही.”

“खबरदार!” दोघी एकदमच ओरडल्या.

बाबांनी दोघींकडे पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि फटीत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं शोधायला गेले. लवंगी खुर्चीवर चढली. कडीपाशी, पानाच्या बगलेत, हिरवट-पांढरी एक कळी आली होती.

“आई, इकडे ये,” ती हळूच म्हणाली. “पण धक्का लावू नकोस.”